पत्राकामाचे आचार्य : बातिस्ता पिनिनफारिना

थोर पुरुष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, संत, कवी अथवा देशभक्त उभे राहतात. ज्याने बालवयात शाळा सोडली, हाती हातोडी धरली आणि पत्रा ठोकता ठोकता जगात कीर्ती मिळविली, असा पुरुष आपल्या चरित्रमालांतून क्वचितच आढळतो. हातांनी काम करणाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टीच तशी झाली आहे. मुलगा परीक्षेत नापास झाला की त्याला कारखान्यात घालण्याची भाषा सुरू होते. जणू काय कारखाना म्हणजे बुद्धीला मिळालेली शिक्षाच. आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले आणि ही भाषा असंख्य पालकांच्या तोंडून ऐकली. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी आज्ञा झाली, तेव्हा इटली देशातील बातिस्ता पिनिनफारिना या मोटारीच्या शरीरकाराचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले.

शरीरकार हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरीत आहोत. मोटारीचे इंजिन, चाके व खालची चौकट एकाने करावी आणि तिच्यावर पत्र्याचे अंग दुसऱ्याने चढवावे, अशी युरोपात एके काळी रीत होती. घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे कारागीरच पुढे मोटारींची अंगे बांधू लागले. त्यांच्या कारखान्यास इटालियन भाषेत कारोत्सेरिया म्हणतात. असे कारखाने उत्तर इटलीतील तुरीन शहरी पुष्कळ होते, आणि त्यांपैकीच एकात आमच्या चरित्रनायकाची जडणघडण झाली.

बालपण आणि उमेदवारी

बातिस्ता फारिना यांचा जन्म २ नोव्हेंबर १८९३ रोजी पिएमॉन्ते प्रांतातील एका मोठ्या कुटुंबात झाला. अकरा भावंडांत त्यांचा क्रमांक दहावा. पिएमॉन्तेच्या बोलीत धाकट्यास लाडाने पिनिन म्हणतात. हेच नाव त्यांना चिकटले आणि पुढे जगाने त्याच नावाने त्यांना ओळखले. वडीलबंधू जोवान्नी यांनी तुरीन येथे गाड्यांची अंगे बांधण्याचा कारखाना काढला होता. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास पिनिन त्या कारखान्यात दाखल झाले. मालकाचा भाऊ म्हणून त्यांना गादीवर बसावयास मिळाले नाही. पत्रा कापणे, ठोकणे, घासणे, जोड भरणे ही सर्व कामे त्यांनी केली आणि त्या कामांतच त्यांचे शिक्षण झाले.

त्या काळी पत्र्याला आकार देण्याची रीत अशी होती. प्रथम लाकडाचा साचा करावयाचा. पत्र्याचा तुकडा वाळूच्या पिशवीवर किंवा पोखरलेल्या ओंडक्यावर ठेवून मोगरीने ठोकावयाचा, म्हणजे तो ताणला जाऊन खोलगट होतो. मग ऐरणीवर हातोडीने त्याच्या सुरकुत्या मोडावयाच्या आणि साच्यावर बसवून पाहावयाचा. जेथे अंतर राहील तेथे पुन्हा ठोकावयाचे. असे अनेक तुकडे कडेला कड लावून जोडावयाचे आणि कानशीने घासून एकजीव करावयाचे. पत्रा किती ताणला म्हणजे फाटेल आणि कोठे ठोकला म्हणजे दुसरीकडे फुगेल, हे पुस्तकातून कळत नाही. ते तळहाताला कळावे लागते. पिनिन यांचा तळहात असा लहानपणीच शिकून तयार झाला.

थोड्याच वर्षांत या पोराची रेखाटनेही कारखान्यात दिसू लागली. फियाट कंपनीने १९१२ साली झीरो नावाची छोटी मोटार काढली. तिच्या तोंडावरील रेडिएटरचा आकार पिनिन यांनी सुचविलेला होता, आणि कंपनीचे प्रमुख जोवान्नी आन्येल्ली यांनी तो पसंत केला. तेव्हा पिनिन यांचे वय विशीच्याही आत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंधूंच्या कारखान्यात विमाने बांधण्याचे काम आले, त्यावर देखरेख करण्याचा अनुभवही त्यांनी घेतला. वारा ज्या वस्तूवरून सुरळीत वाहून जातो, ती डोळ्यांनाही सुंदर दिसते, हा विचार पुढे त्यांच्या कामात वारंवार दिसतो.

१९२० साली ते अमेरिकेस गेले. डेट्रॉइट येथे हेन्री फोर्ड यांची गाठ पडली. फोर्ड यांनी त्यांना आपल्याकडे राहण्याविषयी विचारले. पैसा व मान यांची तेथे वाण नव्हती; पण पिनिन परत आले. मात्र येताना एक गोष्ट मनात घेऊन आले. यंत्राने केलेले दोन भाग अगदी सारखे असतात आणि कोणताही भाग कोणत्याही गाडीस बसतो, हे त्यांनी तेथे पाहिले होते. हाताच्या कामाला हे साधत नाही. हे दोन मार्ग एकत्र कसे आणावेत, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुढे अनेक वर्षे राहिला.

स्वतःचा कारखाना

बंधूंच्या छत्राखाली जवळजवळ पंचवीस वर्षे काढल्यावर १९३० साली त्यांनी तुरीन येथेच कारोत्सेरिया पिनिन फारिना हा स्वतःचा कारखाना काढला. मोटारनिर्माते विन्चेंझो लांचा यांनी या कामी त्यांना साहाय्य केले. लांचा मोठे कल्पक पुरुष होते. चौकट वेगळी व अंग वेगळे ही रीत मोडून, अंगच भार वाहील अशी मोटार त्यांनी १९२२ साली लॅम्डा या नावाने काढली होती. ही पद्धत सर्वत्र पसरली तर शरीरकारांच्या पोटावर पाय येणार हे उघड होते. परंतु त्याच लांचांनी शरीरकारांस उपयोगी पडतील अशा चौकटीही पुरविल्या आणि पिनिन यांस उभे केले. १९३७ साली लांचा वारले. जो आपला धंदा बुडवू शकेल असे वाटावे, त्यानेच हात द्यावा, असा योग संसारात कधीकधी येतो.

यानंतर दुसरे महायुद्ध आले. इटलीचा पराभव झाला. १९४६ साली पॅरिस येथे मोटारींचे प्रदर्शन भरले, तेव्हा शत्रुपक्षाचा देश म्हणून इटालियन कारखानदारांस तेथे मज्जाव होता. पिनिन तेव्हा बावन्न वर्षांचे होते. त्यांनी अर्जविनंत्या करीत न बसता एक आल्फा रोमिओ व एक लांचा आप्रिलिया अशा स्वतः अंग चढविलेल्या दोन गाड्या काढल्या आणि वीस वर्षांच्या सेर्जो या मुलास बरोबर घेऊन तुरीनहून थेट पॅरिस गाठले. प्रदर्शन ग्रँ पाले या भव्य वास्तूत होते. बापलेकांनी आपल्या गाड्या तिच्या दाराबाहेर रस्त्यावरच उभ्या केल्या. आत जाणारे व बाहेर येणारे लोक त्या दोन गाड्यांभोवती जमू लागले, आणि वृत्तपत्रांत आतल्या प्रदर्शनाबरोबर या बाहेरच्या प्रदर्शनाचीही चर्चा झाली. ज्या देशाला आत जागा नव्हती, त्या देशाच्या कारागिरास रस्त्यावर मान मिळाला.

चिसितालियाची किमया

१९४७ साली पिनिन यांनी पिएरो दुझियो यांच्या चिसितालिया कंपनीसाठी २०२ या क्रमांकाच्या मोटारीचे अंग केले. हीच त्यांची सर्वांत गाजलेली कृती होय. तिचे महत्त्व समजण्यासाठी आधीच्या मोटारी कशा होत्या ते आठवले पाहिजे. मडगार्ड वेगळे, दिवे वेगळे, बॉनेट वेगळे, पाय ठेवण्याची फळी वेगळी, असे सुटे अवयव एकाशेजारी एक लावलेले असत. चिसितालियात हे सारे एका अखंड पृष्ठात विलीन झाले. दिवे मडगार्डात शिरले, मडगार्ड अंगात मिसळले, आणि पुढून मागपर्यंत एकच ओघ वाहू लागला. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ साली आठ मोटारींचे प्रदर्शन भरविले, त्यात ही गाडी होती. पुढे संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहातही तिला स्थान मिळाले. हातोडीने ठोकलेला पत्रा चित्रे व शिल्पे यांच्या पंक्तीस जाऊन बसला.

परंतु या साधेपणाची किंमत कारागिराला मोजावी लागते, आणि आमच्या मते या चरित्रातील खरा बोध येथेच आहे. अवयव सुटे होते तोवर दोन भागांतील फट थोडी कमीअधिक झाली तरी कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. अखंड पृष्ठावर तसे चालत नाही. चकचकीत रंगावर पडलेली प्रकाशाची रेघ मडगार्डावरून दारावर आणि दारावरून मागच्या भागावर सरळ गेली पाहिजे. दार सूतभर बाहेर राहिले की ती रेघ तेथे तुटते आणि सारी गाडी वाकडी दिसू लागते.

मोडलेली गाडी सांधताना

अशा जुन्या गाडीला टक्कर झाली म्हणजे तर कारागिराची खरी परीक्षा होते. हे काम आम्ही आमच्या गावच्या एका जाणत्या मिस्त्रीशेजारी बसून पाहिले आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

सामान्य मनुष्य पोचा कोठे पडला तेवढेच पाहतो. जाणता कारागीर फटी पाहतो. दार व मडगार्ड यांमधील फट वर रुंद आणि खाली अरुंद झाली असेल, तर दाराच्या अंगी कदाचित काहीच दोष नसतो. ज्या खांबास बिजागऱ्या लावल्या आहेत तो खांब, किंवा त्याखालची चौकट, धक्क्याने सरकलेली असते. म्हणून तो प्रथम चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतो आणि ते सारखे होईपर्यंत चौकट ओढून सरळ करतो. ते झाल्याशिवाय पत्र्यास हात लावणे म्हणजे पायाला तडा असता भिंतीला गिलावा करणे होय. मग गाडी तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी करतात. कारण अधांतरी टांगलेल्या गाडीचे अंग किंचित वाकते, आणि तशा स्थितीत जुळविलेली दारे गाडी खाली येताच पुन्हा अडतात.

जुळणीचा क्रमही ठरलेला असतो. मागचा भाग बहुधा अंगाशी पक्का जोडलेला असतो, तो हलत नाही; म्हणून आरंभ तेथून. मागच्या भागाशी दार जुळवावयाचे, दाराशी पुढचे मडगार्ड, आणि दोन्ही मडगार्डे जागेवर आल्यावर त्यांच्यामध्ये बॉनेट. जो बॉनेटपासून आरंभ करतो, त्याची सारी चूक अखेर दारावर येऊन साठते. दार हलवावयाचे ते बिजागरीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून किंवा काढून. एका बिजागरीखाली कागदाएवढ्या जाडीची चकती घातली तरी दाराचे दूरचे टोक तिच्या कितीतरी पट हलते. दाराभोवतीची रबराची पट्टी बसविल्यावर दार थोडे बाहेर ढकलले जाते, तेव्हा ती पट्टी लावूनच जुळणी पाहावी लागते. रंगाच्या थरांनाही जागा लागते. तीही फटीत आधीच धरावी लागते. सर्व भाग रंगापूर्वी एकदा चढवून, पाहून, पुन्हा उतरवावयाचे आणि मगच रंगास न्यावयाचे. उतावळा मनुष्य जाड लांबी भरून उणीव झाकतो. ती लांबी उन्हाने व हादऱ्यांनी एक दिवस तडकते आणि झाकलेले उघडे पडते.

यंत्राने छापलेल्या गाडीत दुसऱ्या तशाच गाडीचे दार आणून लावता येते. हाताने बांधलेल्या गाडीत हे होत नाही. तिचे डावे व उजवे दारसुद्धा एकमेकांची हुबेहूब प्रतिकृती नसतात, कारण प्रत्येक दार त्याच्या स्वतःच्या चौकटीत बसेल असे घासून केलेले असते. पिनिन यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली लांचा ऑरेलिया बी २४ स्पायडर घ्या. १९५४-५५ च्या सुमारास अशा केवळ २४० गाड्या झाल्या. त्यांतील एखादीस अपघात झाला तर मोडलेला भाग दुकानात मिळत नाही, आणि दुसऱ्या तशाच गाडीवरून काढला तरी तो जसाच्या तसा बसेल अशी खात्री नसते. तो पुन्हा त्याच रीतीने साचा करून, ठोकून व घासून घडवावा लागतो. एका कारागिराने केलेले काम पुढच्या पिढीतील दुसऱ्या कारागिरानेच दुरुस्त करावयाचे असते. तसा कारागीर उरला नाही, तर कितीही द्रव्य ओतले तरी ती गाडी उभी राहावयाची नाही.

उत्कर्ष आणि एक अवघड निर्णय

१९५१ साली पिनिन व शर्यतीच्या मोटारींचे विख्यात निर्माते एन्झो फेरारी यांची भेट ठरली. दोघेही मानी. फेरारी तुरीनला यावयास तयार नव्हते आणि पिनिन मोदेनाला जावयास राजी नव्हते. अखेर दोन शहरांच्या मधोमध असलेल्या तोर्तोना गावातील एका भोजनगृहात भेट झाली. १९५२ साली पिनिन यांनी अंग चढविलेली पहिली फेरारी बाहेर पडली, आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षे बहुतेक फेरारी गाड्यांचे रूप याच घराण्याच्या कारखान्यात ठरत राहिले. दोघांनीही अर्धी वाट चालून येण्याचा शहाणपणा दाखविला, त्याचे हे फळ होय. त्याच सुमारास अमेरिकेतील नॅश कंपनीने आपल्या मोटारींवर त्यांचे नाव झळकविले. इंग्लंडातील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननेही आपल्या गाड्यांची रूपे त्यांच्याकडून करवून घेतली. या शेवटच्या गोष्टीचा आपल्या देशाशीही संबंध आहे. मॉरिस ऑक्सफर्डची जी तिसरी आवृत्ती १९५९ साली पिनिन यांच्या नव्या रूपापुढे इंग्लंडात मागे पडली, तीच आपल्याकडे ॲम्बॅसेडर या नावाने २०१४ पर्यंत तयार होत होती.

मागणी वाढली तसा तो जुना प्रश्न पुन्हा समोर आला. १९५५ च्या आल्फा रोमिओ जुलिएत्ता स्पायडर या गाडीची मागणी शेकड्यांनी नव्हे, हजारांनी येऊ लागली. हाताने एकेक दार घासून ती पुरी होणे शक्य नव्हते. १९५८ साली पिनिन यांनी तुरीनजवळ ग्रुल्यास्को येथे मोठा कारखाना उभारला आणि यंत्रांचा स्वीकार केला. हातोडीवर वाढलेल्या पुरुषाने यंत्राला शरण जावे हे काहींना खटकेल. आम्हांस तसे वाटत नाही. यंत्राचा साचा चांगला असावा यासाठीही पहिला नमुना हातानेच करावा लागतो, आणि तो करणारी माणसे त्यांनी आपल्याजवळ राखली. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जो हुन्नर शेकडो हातांत होता, तो त्यानंतर थोड्या हातांत राहिला. प्रगतीच्या जमाखर्चात ही खर्चाची बाजू आहे आणि ती वगळून हिशेब पुरा होत नाही.

१९६१ साली त्यांनी कारभार पुत्र सेर्जो व जामात रेंझो कार्ली यांच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने त्यांचे आडनाव कायदेशीर रीत्या बदलले. लाडाचे नाव पिनिन आणि कुळाचे नाव फारिना ही दोन्ही एकत्र होऊन पिनिनफारिना असे एकच नाव झाले. पोरपणी भावांनी मारलेली हाक राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने कुळाचे नाव व्हावी, याहून कोणत्या कारागिराचा अधिक गौरव होईल? १९६३ साली तुरीनच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने त्यांस वास्तुशास्त्राची सन्माननीय पदवी दिली. बाराव्या वर्षी ज्याच्या हाती पाटीऐवजी हातोडी आली, त्याच्या खांद्यावर सत्तराव्या वर्षी विद्यापीठाने झूल घातली. आम्हां शिक्षकांस हा प्रसंग विशेष विचार करावयास लावणारा आहे.

मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आल्फा रोमिओची डुएत्तो ही गाडी मांडली गेली. त्यांच्या स्वतःच्या हातची म्हणून मानली जाणारी ही शेवटची रचना. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १९६६ रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे बातिस्ता पिनिनफारिना यांनी देह ठेवला. सेर्जो यांनी पित्याचा वारसा चालविला. तेही २०१२ साली वारले. कंपनीस आर्थिक ओढगस्त आली होती. २०१५ च्या अखेरीस आपल्या मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाने तिचा मोठा हिस्सा घेण्याचा करार केला. २०१९ साली जिनिव्हा येथे त्याच समूहाच्या छत्राखाली विजेवर चालणारी एक अतिवेगवान मोटार प्रकट झाली, आणि तिला संस्थापकांचे बातिस्ता हेच नाव देण्यात आले.

उपसंहार

वाचकहो, या चरित्रातून काय घ्यावयाचे? पिनिनफारिना यांच्यासारखी कीर्ती सर्वांस लाभत नाही, आणि ती लाभावी म्हणून कोणी हातोडी धरूही नये. पण दोन गोष्टी आपल्या तरुणांनी मनात धराव्यात अशी आमची विनंती आहे. पहिली ही की दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो असे नाही. दार अडले म्हणून दारच कानशीने घासत बसणारा कारागीर गाडी बिघडवितो. चौकट मोजणारा ती सुधारतो. घरातील, संस्थेतील व समाजातील कुरबुरींनाही हेच मोजमाप लावून पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. आपल्या गावोगावच्या कारखान्यांतून पत्रा हातात घेताच त्याचा स्वभाव ओळखणारे वृद्ध मिस्त्री अद्याप आहेत. त्यांची मुले कचेऱ्यांत गेली. जावोत, त्यात वाईट काही नाही. परंतु त्यांच्या हातांत जे आहे ते कोणी कागदावर उतरविलेले नाही आणि ते कागदावर पुरते उतरणारही नाही. ते हातातून हातातच जाते. आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्या देताना महाविद्यालयातील विद्यार्थ्यांप्रमाणे एखाद्या अशा मिस्त्रीजवळ दोन वर्षे उमेदवारी करणाऱ्या मुलाचाही विचार करावा. त्या मिस्त्रींचे हात थरथरू लागण्यापूर्वी तो व्हावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.